आक्काच्या पिशवीतला कागद

न्हाय वो पावणं, चोर न्हाय मी — बसा की, असं उठू नका. तुमी बघितलंसा न्हवं, माझा हात त्या पिशवीत? लेकीचीच हाय ती. नदीकडं पाण्याला गेली न्हवं आत्ता, तीच माझी आक्का. पर तुमी कोण? काल कळ्यात चहाच्या दुकानात तुमीच व्हता, आन् आज हितं साळवणच्या पारावर? वाट एकच हाय — व्हय, तेबी खरंच म्हणा.

सव्वीस वर्षांची हाय, मॅट्रिक झालीया. आई न्हाय तिला, कोल्हापुरात घरात आमी दोघंच. परवा म्हणती कशी, आण्णा, पाठीवर पिशव्या टाकून गगनबावड्याला चालत जाऊ, वरनं कोकण बघू. चालत! मोटार सुटती की रोज! मी तंबू शिवणारा माणूस, दिल्या किंतानाच्या दोन पिशव्या शिवून, पर मनात म्हटलं, ह्यात कायतरी हाय. वाटंत तर नुसतं गोड बोलणं — आण्णा, पाय दुखतोय का, आण्णा, बसूया का जरा. मला वाटलं, तिकडं कोणतरी पुरुष हाय. तुमीच असाल असंबी वाटलं, खोटं कशाला सांगू? मग बघितलं पिशवीत. बाप हाय, बघीन की! तर निघाला शाळेचा कागद. गगनबावड्याला सोमवारी मास्तरीण म्हणून हजर व्हा. म्हंजी मला घाट दाखवायचा, आन् एकट्याला माघारी धाडायचं!

सांगितलं का न्हाय म्हणता? कसं सांगंल, मी जाऊ देणार न्हाय हे वळखून हाय ती. गेल्या साली कागलच्या शाळेत अर्ज केलता तिनं. रोज टपालवाल्याची वाट बघायची, पार दिवाळीपतोर. आपली निवड झाली न्हाय म्हणून रडलीबी. झालती की निवड! कागद आला तवा घरात मी एकटाच — घातला चुलीत. मग काय करू, भिताडासंगं बोलू जलमभर? तिला ठावं न्हाय. तुमी वाटसरू, तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या.

असं काय बघताय? माज्याकडं न्हाय… माज्या मागं कोण हाय?

आक्का. कवा आलीस गं? — शिव्या दे. — काय? त्या जाळलेल्या कागदात काय लिहिलं व्हतं? ‘निवड झाली’ एवढंच वाचलं मी. फुडचं… फुडचं न्हाय वाचलं, आक्का.

जावा वो पावणं! बसून काय ऱ्हायलाय? जावा म्हणतोय न्हवं!