सोफ्याची पूजा

तुमी सोफ्याचं नाव काढलं अन् माहं डोकंच फिरलं पाहा. परवा मालेगावातून नवा सोफा आनला. आपल्याकडं नवी वस्तू आली का पूजा असतेच. पयले मायले बसवलं, बायकोनं कुंकू लावलं अन् सोफ्याच्या फटीत अगरबत्ती खोचली. पेढा तोंडात जाईस्तोवर सोफा भडकला! मायले उचलून अंगनात पळालो. तिचं लुगडं वाचलं, पन त्या काळ्या धुरानं लागलेला खोकला अजून थांबला नाही.

जळका फोम घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हनते, "अगरबत्ती काहून खोचली?"

"मंग पूजा काय तुह्या बिलाची करू? एका अगरबत्तीनं पेटते असा फोम इकाले काही नियम हाये का नाही?"

"हाये न भाऊ. टाकीजच्या, हापिसाच्या खुर्च्याईले हाये. घरच्या सोफ्याले नाही."

तेवढ्यात त्याच्या मांगं भिंतीवर आग इजवाचं लाल सिलिंडर दिसलं.

"मंग हे कायले टांगलं?"

"दुकानात ठेवाच लागते. नियम हाये."

म्हटलं, "म्हंजे तुहा सोफा जळू नये म्हनून नियम हाये, अन् माही माय जळू नये म्हनून नाही!"