टोपी छातीवर

माझं नाव दिगंबर माने, गाव फलटण, आणि धंदा म्हणाल तर मरायचा. रोज चार वेळा, शनिवार-रविवारी पाच, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस असला तरी. हसा, हसा, तुम्ही हसावं म्हणूनच मी असं सांगतो, ती खोड आहे माझी आणि त्या खोडीचंच सगळं सांगायचंय.

वडील एसटीत कंट्रोलर, फलटणच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे, त्यांचा आवाज माझ्यात आला, त्यांची शिस्त मात्र आली नाही. सातवीत गॅदरिंगच्या नाटकात मला प्रेताचं काम मिळालं. नुसतं चादर घेऊन पडायचं, आणि थोरात नावाचा पोरगा माझ्या उशाशी बसून रडायचा. थोरात रडायचा छान हो, सगळं शाळेचं पटांगण गप्प, पुढच्या रांगेत बायकांनी पदर डोळ्याला लावलेले, आणि मी चादरीखालून म्हणालो, हळू रड रे, झोपमोड होते. पटांगण कोसळलं. विंगेत आल्यावर गाडेकर सरांनी कानाखाली दिली आणि म्हणाले, माने, दुसऱ्याचं चालू असताना प्रेतानं प्रेतच राहायचं. चपराक मी तेव्हाच विसरलो. हशा मात्र कानात राहिला, अजून आहे.

मग पुणं, कॉलेज, एकांकिका, मग मालिकांत दुसरा हवालदार, तिसरा शेजारी, एकदा बँकेचा मॅनेजर, त्याला एकच वाक्य, सॉरी, आज सर्व्हर डाउन आहे. लग्न माधवीशी झालं, ती सॉफ्टवेअरमधली, हुशार, तिला डच मुलखात आइंडहोवनला चिप बनवायच्या मशिनच्या कंपनीत नोकरी लागली आणि मी तिच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलो. काय सांगू तुम्हाला, तो शब्द फार लागला. इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तुम्ही काय करता, की मी म्हणायचो, वाट बघतो, आणि लोक हसायचे, हसले की मला तेवढं पुरायचं.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या बाईनं सांगितलं, टिलबर्गच्या पुढं एक करमणूक पार्क आहे, तिथं काउबॉयची गल्ली उभारलीय, सलून, बँक, तुरुंग, सगळं लाकडी, आणि त्यांना पडता येणारी माणसं हवीत. गेलो. मॅनेजरनं माझ्या मिशा बघितल्या आणि म्हणाला, मेक्सिकन. दिगंबर त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून दिएगो. म्हटलं, फलटणचा मेक्सिकन, चालेल की. तेव्हापासून सतरा हंगाम मी दिएगो डाकू आहे, बँक लुटायला येतो, शेरीफ मला गोळी घालतो, मी घोड्यांच्या पाण्याच्या डोणीत पडतो, लोक टाळ्या वाजवतात, आइस्क्रीम खायला जातात.

शेरीफ म्हणजे विम. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आधी पोस्टमन होते, मग तीस वर्षं शेरीफ. इथं सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, मीही तोंडावर विमच म्हणायचो, पण तुमच्याशी मराठीत बोलताना अरेतुरे होत नाही, गुरू आहेत माझे. पडायचं कसं ते त्यांनी शिकवलं, आधी मांडी, मग खांदा, डोकं कधीच नाही. फुसक्या काडतुसाचं पिस्तूल कुणाच्या तोंडाकडं धरायचं नाही ते शिकवलं. आणि पहिल्याच दिवशी एक खूण शिकवली. म्हणाले, दिएगो, इथं आपण दिवसभर खोटं विव्हळतो, तेव्हा खरं दुखलं तर कुणाला कळणार नाही. म्हणून खरं दुखलं की टोपी काढून छातीवर ठेवायची. टोपी छातीवर दिसली की खेळ बंद. सतरा वर्षांत ती खूण एकदाच झाली.

आता मुद्द्यावर येतो, मघापासून टाळत होतो ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, ऊन मरणाचं, आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाची सहल पार्कात आलेली. चाळीसेक माणसं, पुण्या-मुंबईची, टोप्या घालून, डब्यांतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढून, माधवी पण त्यांच्यात. आता बघा, इतकी वर्षं मी डच लोकांना हसवत होतो, ते हसतात, हसत नाहीत असं नाही, पण ते माझ्या पडण्याला हसतात. माझ्या बोलण्याला हसलेलं मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी आल्या आल्या एक मराठी शिवी हासडली, साधीच, गाढवीच्या वगैरे, आणि त्या कोपऱ्यातनं जो हशा आला नं, माझ्या पायाखालची लाकडं हलली. फलटणचं पटांगण परत मिळालं मला.

विम सलूनच्या पायऱ्यांवर उभे. त्यांनी म्हणायचं, दिएगो, हात वर कर. ते म्हणाले नाहीत. खाली बसले, मग हळूहळू डाव्या कुशीवर कलले, आणि डाव्या हातानं टोपी काढली आणि छातीवर ठेवली.

मी बघितली. हे मी आजवर दोनच ठिकाणी बोललोय, तुम्ही तिसरे. मी टोपी बघितली, आणि त्याच क्षणी मला वाक्यही सुचलं, आणि वाक्य आधी बाहेर पडलं. म्हणालो, काय शेरीफसाहेब, वामकुक्षी का? कोपरा फुटला. तो हशा ओसरायच्या आत मी म्हणालो, बँक पण एक ते चार बंद का? स्वस्तातला विनोद, पण पुण्याची माणसं, डोळ्यांतून पाणी काढून हसली. मग मी विमपाशी गेलो आणि माझ्या मोठ्या मेक्सिकन टोपीनं त्यांना वारा घालायला लागलो, नोकरासारखा, कमरेत वाकून, त्यावर टाळ्या. आणि मग इतक्या जवळून तोंड दिसलं, अर्धं तोंड खाली ओघळलेलं. तेव्हा ओरडलो.

अर्धं मिनिट. फार तर पाऊण. दोन हशे आणि एक टाळी.

त्यांच्या मेंदूत गुठळी झाली होती. उजवा हात गेला, बोलणं गेलं, नंतर थोडं परत आलं, एकेक शब्द. माधवीनं डॉक्टरांना विचारलं, तेवढ्या वेळानं काही फरक पडला असता का. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. पडला नसता असंही सांगता येत नाही.

आणि माझं काय झालं म्हणता? मी हिरो झालो. पार्कातले म्हणाले, दिएगोला सगळ्यात आधी कळलं, त्याच्या आरोळीमुळं ॲम्ब्युलन्स लवकर आली. मंडळानं गणपतीत सत्कार केला, शाल, श्रीफळ, जी माणसं हसली होती त्यांनीच टाळ्या वाजवल्या. नारळ घरी आणला, माधवी म्हणाली, फोडू? म्हटलं, नको. ती म्हणाली, दिगू, तू टोपी बघितली होतीस नं. मी हो म्हटलं. तिनं नारळ देवापाशी ठेवला, तिथंच वाळला.

दर बुधवारी मी विमकडं जातो. त्यांची बायको रीट, तोंडावर रीट, मनात रीटवहिनी. इथली रीत तुम्हाला माहीत असेल, कॉफीबरोबर एक बिस्किट, मग डब्याचं झाकण बंद. वाईट काही नाही त्यात, रीत आहे. पण माझ्यासाठी रीटवहिनी डबा उघडा ठेवायच्या. दुसरं घे, तिसरं घे, तू माझ्या नवऱ्याला वाचवलंस. ते दुसरं बिस्किट, काय सांगू, तोंडात वाळू व्हायचं. दीड वर्ष मी ती वाळू खाल्ली आणि वर विनोद केले.

मग या फेब्रुवारीत एका बुधवारी गेलो तर टेबलावर विमचा पितळी तारा, शेरीफचा, त्यांनी स्वतः घासून लख्ख केलेला, डाव्या हातानं. रीटवहिनी म्हणाल्या, विमनं पार्कात कळवलंय, बदली माणसावर एक हंगाम निघाला, नव्या हंगामात शेरीफ तू, तारा त्यांचाच लाव. पंधरा वर्षं मेलो मी त्या ताऱ्यासमोर. एकदा गोळी घालायची पाळी माझी यावी, कुणाला नको वाटेल? हात पुढं गेला होता माझा, खोटं कशाला सांगू. आणि विमनी माझ्याकडं बघितलं, आणि मी सांगून टाकलं. मोडक्या डचमध्ये, सगळं, टोपी बघितली होती, आधी बोललो, मग ओरडलो.

रीटवहिनींच्या हातात कॉफीचं भांडं होतं, ते त्यांनी खाली ठेवलं. विम कितीतरी वेळ शब्द शोधत होते. मग म्हणाले, तेव्हा काय म्हणालास?

आता डच माणसाला वामकुक्षी कशी समजावणार? सांगितलं, आमच्याकडं जेवणानंतर डाव्या कुशीवर पडायची पद्धत आहे, पोटाला बरं असतं म्हणतात, तुम्ही नेमके डाव्या कुशीवर पडलात, म्हणून. विमनी त्यावर विचार केला. विचारलं, हसले? म्हटलं, हो. किती? म्हटलं, दोनदा. आणि एक टाळी.

त्यांच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली.

"पडलो मी," ते एकेक शब्द काढत म्हणाले. "अर्धा हशा माझा."

आणि डाव्या हातानं तारा माझ्याकडं सरकवला. रीटवहिनी उठल्या, त्यांनी तारा उचलला, ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर लावला. मग बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावलं. कॉफी गार होईल, एवढंच म्हणाल्या.

विमनी सोडलं मला, ते नट आहेत, त्यांना कळलं. रीटवहिनींनी सोडलं नाही, त्यांनाही कळलं. दोघांचंही बरोबर आहे, मी खूप उलटसुलट करून बघितलं, दोघांचंही बरोबरच निघतं.

शेरीफ आता टिलबर्गचा एक उंच गृहस्थ आहे, बरा आहे, टोपीची खूण मी त्याला पहिल्या दिवशी तीनदा करून दाखवली. मी अजून दिएगोच. मराठी कुटुंबं येतात, माझ्या तोंडाकडं बघत बसतात, आता काका काहीतरी बोलतील. मी डोणीत पडतो आणि पडून राहतो. सुचतं हो, अजून सुचतं, पाण्यात तोंड घालून गिळतो. गाडेकर सर असते तर म्हणाले असते, माने, जमलं, पण वेळ किती लावलास.

बुधवार चुकवत नाही. विम आता तीन-तीन शब्द जोडून बोलतात, परवा मला म्हणाले, वाईट पडतोस हल्ली. देव त्यांना बरं ठेवो, त्यांच्याआधी रीटवहिनींना ठेवो. त्या कॉफी देतात, एक बिस्किट देतात, आणि झाकण लावतात. ते मात्र घशाखाली उतरतं.