बैल छाप बियरची एक बाटली

जबाब

मी, श्रीमती सिंधु आदिनाथ पवळे, वय ४१ वर्षे, शिक्षण बारावी, व्यवसाय शेती व घरकाम, रा. मांजरवाडी, ता. बिलोली, जि. नांदेड, पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

नाव सांगताना मी सवयीने आधी सौ. म्हणाले होते. ते दुरुस्त करून घेतले आहे.

मी वरील ठिकाणी सासू केवळाबाई यांच्यासह राहते. मुलगी सुकन्या नांदेडला नर्सिंगचे शिक्षण घेते. माझे पती आदिनाथ हे शेती करीत व देवणी जातीचे बैल सांभाळीत. दहा दिवसांपूर्वी गोठ्यात वैरण टाकताना छातीत कळ येऊन ते जागीच वारले. त्यांच्या मृत्यूबाबत माझी कोणावरही तक्रार अगर संशय नाही.

पतीला दारूचे व्यसन होते असे लिहू नये. ते शनिवारी संध्याकाळी एक बियर घेत, तीही घराच्या गच्चीवर. तिचे नाव इंग्रजीत आहे, पण लेबलवर पांढऱ्या बैलाचे चित्र असल्याने इकडे तिला सगळे बैल छाप म्हणतात. तो बैल आमच्या सोन्या बैलासारखा दिसतो असे पतीचे म्हणणे होते. ‘सोन्यानं फोटो काढून दिला अन् पैशे कंपनीनं खाल्ले,’ असे ते दर शनिवारी म्हणत. त्या बाटलीतला अर्धा ग्लास मी घेत असे. हे जबाबात आले तरी माझी हरकत नाही.

मागील दिवाळीपासून ही बियर बिलोलीच्या दुकानांत येणे बंद झाले. कंपनीने या भागात माल पाठवणे थांबवले एवढेच दुकानदार सांगत. पती बैलांच्या कामाने उदगीर, देवणी, लातूर येथे जात, तेथेही त्यांनी विचारले. देवणीहून आले तेव्हा म्हणाले, ‘सगळं देवणी पालथं घातलं. बैल लई भेटले, बैल छाप न्हाई भेटली.’ एकदा त्यांनी दुसऱ्या कंपनीची आणली. ती अर्धी राहिली, सकाळी मी ओतून दिली. त्यानंतर शनिवारी आम्ही गच्चीवर चहा घेऊन बसत होतो. पण लवकर खाली येत होतो.

मांजरा नदीच्या पुलापलीकडे तेलंगणात ही बियर मिळते हे पतीला माहीत होते. आमच्या गल्लीतील रिक्षाचालक सरदार पठाण हे पतीचे शाळेपासूनचे मित्र आहेत. ते स्वतः कसलेही व्यसन करीत नाहीत. ते एकदा पतीला म्हणाले होते, ‘चल बे, रिक्षात टाकून घेऊन येऊ. मला कोण विचारतंय?’ त्यावर पती म्हणाले, ‘न्हाई. पुलावर धरलं तर पेपरात नाव येतंय. माय माळकरी हाय माझी.’ ते कधीच गेले नाहीत.

आज पतीचा दहावा होता. आमच्या गावचा घाट मांजरा नदीवर, पुलाच्या खालच्या अंगाला आहे. आम्हांला मुलगा नसल्याने मोठे दीर अण्णाराव पवळे यांनी पिंड ठेवले. आम्ही बायका वर चिंचेखाली बसलो होतो. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असे आमच्याकडे धरतात. कावळे होते. चिंचेवर बसून होते. खाली येत नव्हते.

अण्णाराव दिरांनी हात जोडून सांगितले, ‘आद्या, सोन्याला विकणार न्हाई. माझ्या दावणीला बांधतो.’ कावळा आला नाही. सुकन्याने शिक्षण पुरे करीन म्हणून सांगितले. तरी आला नाही. दिरांनी बांधाचे सांगितले, विहिरीच्या पाळीचे सांगितले. पुरणपोळी झाली, भजी झाली, पानाचा विडा ठेवून झाला. ऊन चढले. बायकांत कोणीतरी म्हणाले, ‘बायकोत जीव अडकलाय त्याचा. तिला बोलवा की.’ म्हणून मला खाली नेले. मी म्हणाले, ‘मी तुमच्या आईला सोडून कुठे जाणार नाही.’ एवढेच मला बोलता आले. तेव्हाही कावळा आला नाही. मागे कोणीतरी म्हणाले, ‘असं कसं? मनापासून म्हन की, बाई.’

मी मनापासून म्हणाले होते.

सासूबाईंनी काल रात्रीपासून अन्न घेतले नव्हते व कावळा शिवेपर्यंत पाणीही घेणार नाही असे सांगितले होते. त्यांना शुगर आहे. मी त्यांच्याजवळ बसून हळूच म्हणाले की, पतीला काय पाहिजे ते मला माहीत आहे, पण ते तुमच्यासमोर सांगण्यासारखे नाही. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘गच्चीवरच्या बाटल्या भंगारवाल्याला कोण घालीत हुतं गं? तू? दर महिन्याला मीच घालीत हुते. जा. आण.’

मी उठून रस्त्यावर आले. सरदार पठाण रिक्षा घेऊन तेथे थांबले होते. मी त्यांना सांगितले. त्यांनी रिक्षा चालू केली. प्रथम आम्ही बिलोलीला गेलो. मी दुकानाच्या जाळीपाशी उभी राहिले तेव्हा तेथील माणसे बाजूला सरकली. दुकानदार म्हणाला, ‘ती बंद झाली, ताई. ही न्या, हिला बी तेवढीच किक हाय.’ दुसऱ्या दुकानात वरच्या फळीवर बैलाची एक बाटली दिसली. मी ती मागितली. दुकानदार म्हणाला, ‘शोची हाय, रिकामी. झाकण नुसतं बसवलंय.’ मी म्हणाले, द्या. सरदार पठाण म्हणाले, ‘भाभी, रिकामी नेऊन आदिनाथला फसवायचं का? तो तिथून बी शिव्या देईल मला.’ म्हणून ती घेतली नाही.

त्यानंतर मी स्वतः सरदार पठाण यांना पुलापलीकडे चला असे सांगितले. परराज्यातील दारू आणणे हा गुन्हा आहे हे मला माहीत होते. पती तेवढ्यासाठीच गेले नव्हते. जाताना घाट दिसला. माणसे तशीच बसलेली होती. पलीकडच्या गावातील दुकानात ती बियर समोरच्याच फळीवर मांडलेली होती, ओळीने. मी एक मागितली. दुकानदार तेलुगू बोलणारे होते. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिले व विचारले, ‘ओकटेना, अम्मा?’ एकच का, असे ते विचारत होते. मी मान हलवली. त्यांनी बाटली तेलुगू पेपरात गुंडाळून दिली. ती थंड होती. मी ती पदराखाली धरली.

परत येताना पुलाच्या अलीकडे निवडणुकीच्या बंदोबस्ताची नाकाबंदी होती. जाताना ती नव्हती. पोलीस अंमलदारांनी रिक्षा थांबवली व बाटली पाहिली. तेव्हा सरदार पठाण खाली उतरले आणि ‘माझी हाय साहेब, बाईंचा काही संबंध न्हाई,’ असे म्हणाले. अंमलदार त्यांना ओळखत होते. ते हसून म्हणाले, ‘काय पठाण, रमजान तोंडावर आला अन् तू हे करून राहिला का?’ सरदार पठाण मान खाली घालून उभे राहिले. त्यांनी मला वाचवण्यासाठी खोटे सांगितले. बाटली मी मागितली, मी घेतली व माझ्यासाठी आणली. त्यांनी फक्त रिक्षा चालवली. त्यांना सोडून द्यावे. ते उद्या आपल्या मशिदीत काय सांगतील याचा मी विचार करीत आहे.

मी अंमलदारांना खाली घाट दाखवला. तेथून पिंड ठेवलेली पत्रावळ दिसत होती. मी म्हणाले, साहेब, बाटली तुम्हीच धरा, माझ्यासोबत खाली चला, दोन घोट ओतू द्या, मग मला कुठेही न्या. ते म्हणाले, ‘ताई, मला समजून राहिलं, पण पंचनामा सुरू झाला. मुद्देमाल आहे. झाकण उघडलं तर माझी नोकरी जाईल.’ त्यांचे बोलणे उर्मट नव्हते. पण मी बाटली सोडली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून रस्त्यावर बसले. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. स्टेशनमधून महिला अंमलदार जिक्रा शेख आल्या, त्यांनी माझ्या हाताची बोटे एकेक करून सोडवली. मी त्यांना ‘थांब ना, बाळ, थांब ना’ असे म्हणत होते असे त्या सांगतात. मला ते आठवत नाही. शिवीगाळ अगर मारहाण कोणी कोणाला केली नाही. माझ्या हातात बांगड्या नसल्याने काही फुटले नाही.

सरकारी कामात माझ्यामुळे अडथळा आला हे मला मान्य आहे.

त्यानंतर मला पोलीस स्टेशनला आणले. दुपारनंतर अण्णाराव दिरांचा फोन आला. तो महिला अंमलदारांनी मला घेऊ दिला. दीर म्हणाले, ‘किती वाट बघावी, सिंधु? महाराजांनी दर्भाचा कावळा केला अन् शिववून घेतलं. शास्त्रात चालतंय. लोकं जेवून गेले.’ मी सासूबाईंचे विचारले. ते म्हणाले, ‘न्हाई घेतलं पाणी. गवताला काय चोच असती का, म्हनतीया. चिंचेखालून उठना.’ मागून सुकन्याच्या रडण्याचा आवाज येत होता. मी त्यांना गुळाचा खडा तोंडात ठेवायला सांगा म्हणाले. फोन कट झाला.

बाटली सध्या समोरच्या टेबलावर आहे. तिच्या मानेला दोरा बांधून लाखेचे सील केले आहे व पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली आहे. चिठ्ठीच्या खालून बैलाची शिंगे दिसतात. ती बाटली माझ्याकडून जप्त केलेलीच आहे, ती मी ओळखते. ती आता थंड राहिलेली नाही.

मला विचारले की अशा एका बाटलीसाठी एवढे का केले. यावर मला सांगायचे आहे ते मी वर सांगितले आहे.

वरील जबाब महिला अंमलदार जिक्रा शेख यांनी माझ्यासमोर लिहून मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच आहे, कोणाच्या दबावाने बोललेले नाही. वाचताना एक मजकूर राहिल्याचे लक्षात आले, तो माझ्या सांगण्यावरून खाली वाढवला आहे.

जप्त केलेली दारू पुढे ओतून नाश करतात असे मला येथे सांगण्यात आले. ही बाटली मी परत मागणार नाही. जेव्हा तिचा नाश करायचा असेल तेव्हा तो मांजरा नदीच्या पुलावरून, घाटाच्या बाजूला करावा, व ओतल्याचे सासूबाईंना फोनवर कळवावे. ते आज होऊ शकत असेल तर आजच करावे. उजेड अजून आहे. झाकण उघडताना बाटली थोडी तिरपी धरावी. हिचा फेस एकदम वर येतो आणि निम्मी बाहेर सांडते. ते नेहमी तिरपी धरत.

समक्ष सही
सिंधु आदिनाथ पवळे