गुरुवारच्या आजी

सन्माननीय अध्यक्ष श्रीपादजी, व्यासपीठावरील मान्यवर, ताईंचे यजमान सुधन्वाराव, गुरुग्रामच्या आपल्या मराठी मंडळातील बंधुभगिनी, आणि आजच्या उत्सवमूर्ती, आमच्या वीणाताई! मला पाच मिनिटं दिली आहेत. नर्सला घड्याळ पाळायची सवय असते, तेव्हा अध्यक्षांनी काळजी करू नये.

मी श्रावस्ती, फरीदाबादच्या एका वृद्धसेवा केंद्रात नर्स. ताईंनी सहा वर्षं आम्हा बारा जणींना लॅपटॉपवरून शिकवलं. विसर पडत चाललेल्या माणसाचं वागणं कसं पाहायचं, कसं टिपायचं? "'चिडल्या' लिहू नकोस. कप ढकलला ना? मग 'कप ढकलला' लिही." वर्ग हिंदीत चाले, मला बोलणी मात्र खास मराठीतून मिळत. आणि एक नियम होता. कुणी तोच प्रश्न दहादा विचारला, तरी उत्तर पहिल्यांदा विचारल्यासारखंच द्यायचं. "आत्ताच सांगितलं ना" म्हणायचं नाही.

दर गुरुवारी आमच्या सरावासाठी ताई स्वतःच पडद्यावर विसराळू आजी व्हायच्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, की आम्ही नोंदी सुरू करायच्या. दीड वर्षापूर्वी एका गुरुवारी त्यांनी वीस मिनिटांत तीनदा विचारलं, "जेवलात का गं?" हातातल्या चष्म्याला काय म्हणतात, ते आठवेना. आम्ही भराभर लिहिलं. शेवटी टाळ्या वाजवल्या. "क्या ॲक्टिंग है, मॅडम!" असं मीच ओरडले.

पदर त्यांनी त्या दिवशी घेतलाच नव्हता. बारा जणींपैकी एकीच्याही कागदावर ते नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या नोंदी वाचून त्यांनी मला फोन केला. "श्रावस्ती, काल मी आजी झालेच नव्हते गं." मला रडूच फुटलं. "रडू नकोस, नोंदी चांगल्या आहेत," म्हणाल्या, आणि तेच कागद घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. वर्ग तेव्हाच थांबले. निरोप द्यायचा धीर व्हायला आम्हाला दीड वर्ष लागलं. 'निरोपाच्या दिवशी हे लपवू नकोस' असं ताईंनीच मला बजावून ठेवलं होतं, म्हणून सांगितलं. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते.

मंडळाचे, सुधन्वारावांचे आणि चहापाणी सांभाळणाऱ्या कृतिकाचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला.

अध्यक्षमहोदय, अर्धं मिनिट जास्त घेते. मघाशी दारात ताईंनी मला विचारलं, "तू कोण गं?" मी सांगितलं. आत्ता मी व्यासपीठावर येताना त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा माझं नाव पुकारलं गेलं आणि उत्तर राहिलं.

ताई, मी श्रावस्ती. फरीदाबादहून आलेय. तुमच्याकडे शिकले.