लेकीच्या घरी तीन महिने, आपल्या खर्चानं

माझं माहेर सिन्नरजवळच्या खेड्यातलं, लग्न होऊन नाशिकला आले आणि तेव्हापासून देवळाली कॅम्पात डबे करते. कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा गुरुवारचा उपास, कुणी गावाला गेलंय, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं, म्हणून माझ्याकडे गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो आमच्या ह्यांच्यामुळे. सातपूरच्या कारखान्यात फिटर होते, आता रिटायर झालेत, त्यामुळे दिवसभर घरात तत्त्वं सांगायला मोकळे.

काय झालं सांगते. आमची एकच लेक, मेघा, जर्मनीत असते, जावई तिथं नोकरीला आहेत. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, पण डॉक्टरांनी तिला एवढा लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं, मग म्हणलं, मीच जाते, महिनाभर आधी जाते आणि पुढं दोन महिने राहते, तीन महिन्यांच्या वर राहूही देत नाहीत. भिशीचे पैसे होते, त्यात तिकीट, व्हिसा आणि विमा बसवला. राहिलं खाणंपिणं, ते लेकीकडं. ह्यात अवघड काय होतं सांगा.

तर हे म्हणाले, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं. आणि बाळंतपण माहेरचं म्हणजे खर्चही माहेरचा, जावयाच्या जिवावर तीन महिने राहायला आपण काय रस्त्यावर पडलोय का.

आता हे नुसतं बोलणं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण मेघा नवीन लग्न होऊन पुण्यात होती तेव्हा आम्ही गेलो, तर ह्यांनी घरून डबा आणि पाण्याची बाटली नेली आणि बिल्डिंगखाली बाकावर बसून जेवले. वर विहीणबाई विचारतायत, व्याही कुठं गेले, आणि मी आपली खिडकीतून खाली बघतेय.

मेघाला फोन लावला. ती हसायला लागली, म्हणाली, आई, बाबांना सांग, हे घर माझं नाहीच, भाड्याचं आहे, घरमालकाच्या घरी पाणी प्यायला काय हरकत. मला लय बरं वाटलं, म्हणलं सुटलो. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, मग भाड्यात आपला वाटा द्यायला हवा. काय सांगू तुम्हाला, तिथल्या भाड्याचा आकडा ऐकून मी गॅसवरचं दूध विसरले.

परत हिशेबाला बसले. तांदूळ, डाळ, नाचणीचं पीठ इथून न्यायचं. डिंक, खोबरं, मेथी बॅगेत, तूप मात्र तिकडं आत नेऊ देत नाहीत, ते तिथं विकत घ्यायचं, म्हणजे ते माझ्या खर्चात. सगळं कापूनकुपून भाड्याच्या वाट्याचे पैसे दोन महिन्यांचेच निघाले. तिसऱ्याचे काही केल्या बसेनात.

मग ह्यांनी तोड काढली. बाळ झाल्यावरच जा, म्हणजे आधीच्या महिन्याचा प्रश्नच मिटला. म्हणलं, कळा बाळ झाल्यावर येतात का हो. तिथं तिच्या पाठीवरून हात फिरवायला कोण आहे. ह्यावर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. तो सकाळीच वाचून झाला होता.

शेवटी दोन महिन्यांवर तुटलं. आधी एक, नंतर एक. बारसं माझ्या हातनं होईल, शेक, मालिश, लाडू, सगळं होईल. पण बाळ माणसाकडं बघून हसायला लागतं ते दुसऱ्या महिन्यात, आणि तेव्हा मी इथं कुणाच्या तरी डब्यात बटाट्याची भाजी भरत असणार. ह्यांना हे सांगितलं तर म्हणतात, मोबाइलवर दिसेल की. जन्मभर मशीन दुरुस्त केलेला माणूस, काय बोलायचं त्याच्याशी.

पुढच्या आठवड्यात निघायचंय. बॅग किराणावाल्याच्या काट्यावर ह्यांनीच नेऊन वजन करून आणली, वर दोरी बांधली, विमानात पाणी मागून घे म्हणाले, ते तिकिटात धरलेलं असतं. मनानं वाईट नाहीत, पण त्यांचा ताठा सांभाळायचा खर्च माझ्या वाट्याला येतो.

तिकिटाची तारीख थोडे पैसे भरून पुढं ढकलता येते, तेवढं मी एजंटला विचारून ठेवलंय. पोरगी सुखरूप सुटू दे, बाकी माझं मी बघते. आणि पोचल्या पोचल्या मेघाच्या हातचा चहा पिणार आहे, मूल व्हायच्या आधी, कपभर नाही, पातेलंभर. लिहा हे. ह्यांना वाचूनही दाखवा, फक्त माझं विमान उडाल्यावर.