सहा दिवसांचा ठिपका

एक्स-रेच्या खोलीचं दार नीट लागत नसे, त्यामुळे बाकावरच्या बापलेकीचं बोलणं आत मशीनवरच्या बाईंच्या कानावर पडत होतं.

“तूही एक्स-रेच काढतेस ना गं?”

“काढत नाही, बाबा, मोजते. कृष्णविवर जोडीच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतं. तो तापला की त्यातून एक्स-रे निघतात.”

“म्हणजे त्याचा फोटो.”

“फोटोत नुसता ठिपका येतो. पण किरण कोणत्या दिशेने थरथरतात, त्यावरून वायूची तबकडी कशी कललीय ते कळतं.”

“लगेच?”

“छे. सहा दिवस त्याच ठिपक्याकडे बघत बसायचं. थोडेच किरण मोजले तर नसलेला कलही दिसतो. मागे मी घाई केली आणि तोंडघशी पडले.”

“आणि मला एकट्याने राहणं झेपत नाही, हे मात्र रविवारच्या दोन मिनिटांच्या फोनवर ठरवलंस.”

बाईंनी पुढचा कागद उचलला, पण हाक मारली नाही.

“तुम्ही स्टुलावरून पडलात, बाबा.”

“बल्ब बदलताना. तो बदलला का, ते विचारलंस?”

“बदललात?”

“दुसऱ्या दिवशी. डाव्या हाताने.”

“...रजा वाढवते. सहा दिवस राहते.”

“राहा की. पण माझं सामान भरायला खोकी आणलीयस, ती गाडीतच राहू देत.”