लाल झालेली हळद

(औंढा ते हिंगोली रस्त्यालगतचं गॅरेज. मार्चमधली सकाळ, पावणेदहा. एक जुनी पेट्रोल गाडी, मागच्या शिटा काढून हळद पावडरची पोती भरलेली, बोनेट उघडं.)

रतनसिंग : बस्स, बस्स! बाई, तुमच्या डायव्हरला सांगा, आता स्टार्टर मारू नको म्हणावं. बॅटरी उतरंल.

आकांक्षा : डायव्हर न्हाई चाचा, भाऊ हाये माझा. सुरजदादा.

रतनसिंग : माफ करना भाऊ. तसं मला बी नवल वाटलं. डायव्हर ढकलतो, मालक आत बसतो. इथं पोरगी मागून धकवून राहिली आन् गडी आत.

सुरज : आमाला सवय हाये, चाचा. गावात बी तसंच म्हणतेत. तुमी गाडीचं बघा.

आकांक्षा : शिरड शहापूरहून निघालो तवाच पहिले दोन किलोमीटर जरा अडखळली, मग बरी चालली. औंढ्याच्या पुढं चढ लागला तसे झटके सुरू झाले. रेस वाढवली की जास्त, सोडली की कमी. इंजिनचा पिवळा दिवा आधी लुकलुकत होता, मग कायमचा लागला. आन् तुमच्या गॅरेजच्या अलीकडं, त्या बाभळीपाशी, बंदच पडली.

रतनसिंग : लिहून ठेवलं का काय, बेटा? डॉक्टरपाशी पेशंट बी येवढं सांगत न्हाई.

सुरज : बीएस्सी हाये ती. केमिस्ट्री. भाजीत मीठ बी मोजून टाकती.

आकांक्षा : चाचा, अकराच्या आत हिंगोलीला पोचायचंय. एका कंपनीचे साहेब आमची हळद बघणार आहेत. पसंत पडली तर वर्षभर आमच्याकडूनच घेतील. पावडर मी करते, गाडी दादा चालवतो. दोन वर्षं ह्याच दिवसाची वाट बघून राहिलो आमी दोघं.

रतनसिंग : मंग घाबरू नको. मिसिंग मारून राहिली ही. म्हंजे चार सिलेंडरपैकी कुठंतरी ठिणगी पडत न्हाई. ही वरची कॉईल काढतो, खाली प्लग दिसंल... अरे बाप रे. ये देख.

आकांक्षा : पाणी?

रतनसिंग : प्लगच्या खड्ड्यात बोट बुडंल इतकं. ठिणगीनं पाण्यात काय करावं बिचारीनं? दुसरा बघू. हां, ह्यात बी है. कुठून आणलं भाऊ येवढं पाणी?

सुरज : कॅनॉलचं असंल. आमच्याकडं फुटलाय ना. काल रस्त्यावर पाणीच पाणी व्हतं. खालून उडालं असंल.

आकांक्षा : खालून उडालेलं पाणी वरून बंद असलेल्या खड्ड्यात कसं जाईल, दादा?

सुरज : पाण्याला काय, वाट भेटंल तिकडं जातं.

रतनसिंग : कॅनॉलचं पाणी गाळ घेऊन येतं. हिथं हात फिरव. माझ्या घरचं पातेलं बी इतकं साफ न्हाई.

आकांक्षा : खरंच की. रविवारी मी तेल बघायला बोनेट उघडलं तवा ह्याच्यावर हळदीची जाड धूळ होती. तेलात बसून चिखलासारखी झालेली. आज बुधवार. कुठं गेली ती?

रतनसिंग : आन् ये देखो, बॅटरीच्या मागं. लाल, लाल. ओघळ सुकलेत. कुणी कुंकू लावलं काय? गाडीची पूजा केली?

सुरज : हां! हां, राणीनं केली. माझ्या बायकोनं. म्हणली, आज मोठ्या कामाला चालले, तर कुंकू लावते. आन् वरून तांब्याभर पाणी सोडलं असंल तिनं. तेच गेलं आत.

आकांक्षा : राणीवहिनीनं गाडीला कुंकू लावलं?

सुरज : मग? येवढं काय त्यात?

आकांक्षा : आपल्या घरात ही रीत कवापासून आली, दादा? गाडी घेतली तवा आईनं काय केलं होतं? विहारातनं मेणबत्ती आणली, वंदना घेतली आन् सगळ्यांना पेढा दिला. झालं. वहिनी कुंकू आणंल कुठून? आन् आणलं तरी बॅटरीच्या मागं हात घालून लावंल?

सुरज : तू आता तिची बी परीक्षा घे.

रतनसिंग : मंग ये लाल क्या है?

आकांक्षा : थांबा, बोटानं काढते थोडं... हळद हाये चाचा. आमचीच हळद.

सुरज : हळद पिवळी असती, बाईसाहेब.

आकांक्षा : साबण लागेपर्यंत. हळदीच्या सदऱ्याला आई साबण लावती तवा काय होतं?

रतनसिंग : लाल होतं! बराबर है. माझी घरवाली मला बोलती, पान थुंकून आले म्हणून.

आकांक्षा : तेच. साध्या पाण्यानं हळद पिवळीच राहती. सोडा, साबण, चुना, असलं काही लागलं तरच ती लाल होती. कॅनॉलच्या पाण्यात साबण नसतो, दादा. तांब्यात बी नसतो. वॉशिंग सेंटरला नेली होती?

सुरज : नेली व्हती. काल दुपारी. गुन्हा झाला का? साहेबापुढं घाणेरडी गाडी उभी करायची?

आकांक्षा : मग तेवढंच सांगायचं होतं की. कॅनॉल काहून फोडला?

सुरज : तू चिडली असती म्हणून.

आकांक्षा : गाडी धुतली म्हणून मी चिडंन? आन् साहेब पोतं उघडतील, बोनेट कशाला उघडतील?

रतनसिंग : भाऊ, बुरा मत मान. पंधरा साल झाले मला हा पाना धरून. भाइरून सगळेच धुतात. बोनेटमधी मशीनचा फवारा मारून घेणारे दोनच टायमाला बघितले मी. एक दसऱ्याला. आन् दुसरं... जाऊ द्या. कोरडं कापड है का गाडीत?

आकांक्षा : दुसरं काय, चाचा?

रतनसिंग : कापड दे बेटा आधी. पाणी टिपायचं है.

आकांक्षा : पुढच्या डब्यात असंल. घ्या तुमी.

सुरज : थांबा, थांबा. मी देतो. डब्याला हात लावू नका.

रतनसिंग : अरे, उघडला बी. हे कापड. आन् खाली आरसी है, गाडीच्या नोंदणीचा कागद, ती धर बेटा, माझे हात ओले हैत. दुसरी चाबी बी है संगं.

आकांक्षा : आरसी घरी कपाटात असते. मी स्वतः ठेवली होती.

सुरज : पोलीस अडवतेत म्हणून घेतली.

आकांक्षा : पोलीस दुसरी किल्ली मागतेत काय?

सुरज : आकू, उशीर होऊन राहिला. त्याला काम करू दे.

आकांक्षा : चाचा, दसरा आन् दुसरं काय?

रतनसिंग : माझ्या तोंडाला लगाम न्हाई बघ... गाडी इकायची असली की. गिऱ्हाईक बोनेट उघडून बघतं ना. तेलाचे डाग दिसू नयेत म्हणून धुऊन काढतेत.

आकांक्षा : कोण घेऊन राहिलं, दादा?

सुरज : घरी गेल्यावर बोलू.

आकांक्षा : कोण?

सुरज : हाये एकजण हिंगोलीचा. जळबा नावाचा. तू साहेबापाशी तासभर बसणार व्हती. तेवढ्यात त्याला दाखवणार व्हतो.

आकांक्षा : आन् त्याला पसंत पडली असती तर? मी भाइर आले असते आन् गाडी नसती?

सुरज : एसटीनं गेलो असतो घरी. एसटीत सांगणार व्हतो तुला. खरंच सांगणार व्हतो.

आकांक्षा : गाडी माझ्या नावावर हाये. माझी सही लागती.

सुरज : व्हय.

आकांक्षा : लागती ना?

सुरज : हाये सही.

आकांक्षा : परवाचा कागद.

सुरज : आकू...

आकांक्षा : मी कणीक मळून राहिले होते. तू म्हणला, विम्याचा हाये, इथं खाली कर. फुली मारून आणली होती तू. म्या... मी पिठाच्या हातानं केली सही. दादा, मी साबणाच्या पुडीवरचं वाचते. गोळीच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचते. हसतात सगळे मला. तो कागद मी वाचला न्हाई. काहून, ठाऊक हाये?

सुरज : नको ना आता.

आकांक्षा : तू आणला होता म्हणून.

रतनसिंग : मी असं करतो, कंप्रेसर चालू करतो. हवा मारून खड्डे सुकवतो. लई आवाज असतो त्याचा, मला काही ऐकू येत न्हाई.

सुरज : ऐकू द्या की! ऐकू द्या समद्यांना. तूच हिथं आल्या आल्या काय म्हणली? डायव्हर न्हाई, भाऊ हाये. दोन वर्षं झाली, जिथं जाऊ तिथं हे सांगून राहिली तू. दुकानात तू आत, खुर्ची तुला, चहा तुला. मी पोती उतरवून गाडीपाशी उभा. एकानं तर चहा-पाण्याला घे म्हणून नोट धरली माझ्यापुढं. तू आत व्हती. तुला काय दिसतंय.

आकांक्षा : मला सांगायचं होतं.

सुरज : काय सांगू? मला बी आत बोलव म्हणून? ल्हान्या बहिणीला? हळदीतला ओलावा तुला बराबर कळतो. माणसाचं न्हाई कळत.

आकांक्षा : ते खरं हाये. न्हाई कळलं मला. चुकलं माझं. पण तू भांडला असता, दादा. रोज भांडतोच की आपण. मीठ जास्त पडलं तरी भांडतो. ह्याच्यावर काहून न्हाई भांडला?

सुरज : राणीच्या भावानं पुण्याकडं कंपनीत काम बघितलंय माझ्यासाठी. महिनाभरात जायचंय. खोली करायची, लेकरू घेऊन जायचं, रिकाम्या हातानं कसं जाऊ? गाडीत माझं बी अर्धं हाये.

आकांक्षा : हाये की. न्हाई कोण म्हणतंय? मागितलं असतं तर मी न्हाई म्हणले असते का?

सुरज : तू म्हणली असती, साहेबाचं होऊ दे, मग बघू. मग म्हणली असती, पुढल्या हंगामाचं होऊ दे.

आकांक्षा : म्हणले असते बहुतेक. वहिनीला ठाऊक होतं तर.

सुरज : व्हय.

आकांक्षा : सकाळी तिनं डब्यात शिरा भरून दिला. म्हणली, आज तुमचा दिवस हाये, ताई.

सुरज : मनापासून म्हणली ती.

आकांक्षा : असंल. कपाटाची किल्ली आईच्या कमरेला असती.

सुरज : आईला मधी आणू नको.

आकांक्षा : मी आणत न्हाई, विचारते. आई झोपली होती तवा घेतली तू किल्ली?

सुरज : न्हाई.

आकांक्षा : मग?

सुरज : तिनं काढून दिली. तिला बी वाटतं, हळद-बिळद पुरं झालं आता. पोरीनं पोरीसारखं घर-संसाराचं बघावं. म्हणली, आकूला आत्ताच सांगू नका, साहेबापुढं तिचं चित्त उडंल. काम झालं की सांगू.

आकांक्षा : आजच्या दिवसापुरतं तरी जपलं मला.

सुरज : तसं न्हाई, आकू.

आकांक्षा : महिनाभर आपण चौघं एका चुलीपाशी जेवून राहिलो. मी साहेबाला काय काय सांगणार ते रोज बोलून दाखवत होते. तुमी तिघं ऐकून घेत होते. आई तर म्हणायची, अजून एकदा म्हण, छान म्हणती. कसं जमलं तुमाला?

सुरज : मला न्हाई जमलं. म्हणून तर उठून जायचो जेवणावरून.

आकांक्षा : मला वाटायचं, गाडी चालवून थकला असंल.

रतनसिंग : बेटा! झालं बघ. चारी खड्डे कोरडे. एका कॉईलची रबरी टोपी फाटलेली है, तिच्यातून जास्त पाणी उतरलं. टेप मारलाय. हिंगोलीत नवी टाकून घे. मार स्टार्टर.

आकांक्षा : किल्ली दे, दादा.

सुरज : मी मारतो की.

आकांक्षा : दे.

रतनसिंग : वा! आवाज ऐक. चारीच्या चारी बोलून राहिले. झटका?

आकांक्षा : न्हाई. पिवळा दिवा अजून हाये पण.

रतनसिंग : तो राहू दे, नंतर मशीन लावून घालवता येतो. आन् हिथून पुढं बोनेटमधी फवारा न्हाई. ओलं फडकं घ्यायचं आन् पुसायचं, हातानं.

सुरज : सव्वादहा झाले. चल, अकराच्या आत पोचवतो तुला. सरक तिकडल्या शिटावर.

आकांक्षा : मी चालवते.

सुरज : हिंगोलीपर्यंत? त्या बाजारातून? तू कवा चालवली येवढी?

आकांक्षा : लायसन हाये माझ्यापाशी. सवय न्हाई झाली, कारण तू होता.

सुरज : आन् मी?

आकांक्षा : आधी तो कागद दे.

सुरज : फाडणार का?

आकांक्षा : न्हाई. वाचणार. विकणाऱ्याचं नाव, माझं. गाडीचा नंबर बराबर हाये. घेणाऱ्याची जागा कोरी. तारीख कोरी. खाली सही. हे बघ, सहीच्या बाजूला पिठाचं बोट उमटलंय.

सुरज : आकू, माझं चुकलं.

आकांक्षा : कागद माझ्यापाशी राहील. गाडी ठेवायची का विकायची ते बसून ठरवू. तुझं अर्धं तुला भेटंल, पुण्याला बी जा तू. आज साहेबापाशी मात्र मी एकटी जाते.

सुरज : पोती कोण उतरवंल?

आकांक्षा : मी. किती जड असतात ते बघू दे एकदा.

रतनसिंग : भाऊ, औंढ्याकडं जाणारी एसटी येईल अर्ध्या तासात. बस हिथं सावलीत, चहा सांगतो.

सुरज : आकू, थांब. आईचा फोन येईल आता. काय झालं म्हणून इचारंल. काय सांगू तिला?

आकांक्षा : म्हणावं, आकूला सांगायचं राहिलं होतं, ते झालं.